भोंगा कवितेला निघते

माझ्या ताईला कारखान्यात सगळे भोंगा म्हणतात. यंत्रमागांच्या खडखडाटात जन्म गेला, कान कामातून गेले. स्वतःचा आवाज ऐकू येईना, तशी ही बाई साधं ‘मीठ दे’ म्हणाली तरी शेजारची दारं उघडायला लागली. समोरच्याचं बोलणं ती ओठांवरून वाचते. मागावरच्या सगळ्याच बायकांना ते जमतं. तिथे घसा फाडून उपयोग नसतो.

तिची मुलगी अशीच वाढली. आई समोर आली की हिचा आवाज आपोआप बंद, नुसते ओठ हलणार. मुद्दाम नाही हो, सवयच ती. फोनवर मैत्रिणीशी तोंडाचा पट्टा चालू असला आणि आई दारात दिसली, की मैत्रीण तिकडे ‘हॅलो, हॅलो’ करत बसते.

आणि ही कार्टी कविता करायला लागली! रविवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये तिचं पहिलं काव्यवाचन होतं. आदल्या दिवशी मला बाजूला घेऊन कुजबुजली, “मावशी, आईला आणू नकोस गं. ती दिसली की माझा आवाज जाईल. सगळ्यांसमोर शोभा होईल.”

कुजबुजली, तिथेच चुकली. या घरात गुपित सांगायचं तर पाठ फिरवून खुशाल ओरडावं. ताई समोर कपड्यांच्या घड्या घालत बसली होती.

रविवारी पाळी संपवून आली ती पलंगाच्या कडेला बसली. “मी नाही येत. पाय मेले दगड झालेत. तू जा.”

“अगं, पोर पहिल्यांदा लोकांसमोर उभी राहतेय!”

“मग? तिथे जाऊन तिचं वाटोळं करू?”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लाज वाटली आणि रागही आला, कोणाचा ते विचारू नका. मी म्हटलं, “शेवटच्या रांगेत बसू. तिला दिसायची नाहीस.”

“मग मला तरी तिचे ओठ कुठे दिसणार?”

खरंच होतं. पुढे बसावं तर मुलीचा आवाज जाणार, मागे बसावं तर हिला काही कळणार नाही. चपला काढायचंही त्राण नसल्यासारखी ती बसून राहिली. मग म्हणाली, “चपला पायात आहेतच, तर चल. नुसती बघून येते.”

शेवटी आम्ही मधल्या रांगेत, खांबाच्या आडोशाला बसलो. मुलगी उभी राहिली, कागद अगदी तोंडासमोर धरून. आवाज मात्र खणखणीत! लोक ‘वा, वा’ करत होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या की ताईही वाजवायची, जरा उशिराच. मला ते बघवेना.

दोन कविता झाल्या आणि तिसरी सुरू होताच ती उठली. “चल. बघून झालं,” तिच्या मते हळूच म्हणाली.

सगळा हॉल वळला. मुलीनेही कागद खाली करून पाहिलं, आणि आवाज गेला. तिने घसा खाकरला, घोटभर पाणी घेतलं, पुन्हा तोंड उघडलं. काही नाही. आता ही रडत आत पळणार, असंच वाटलं मला.

पण तिने कागद ठेवून दिला. माइक बाजूला सारला. आईकडे बघत नुसते ओठ हलवत कविता पुढे चालू केली.

“आवाज! आवाज येत नाही!” लोक ओरडायला लागले.

ताई खांब धरून उभीच होती. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण पुसायला नजर हलवेल तर शपथ. माझा दंड दाबत तिने विचारलं, “काय ओरडतायत गं सगळे?”

मी तिच्यासमोर तोंड नेऊन म्हटलं, “ऐकू येत नाही म्हणतात.”

“बहिरे आहेत का मेले?” भोंगा वाजला. “एवढं स्पष्ट तर बोलतेय!”