माणूस सोबत घेऊन येणाऱ्या मार्थाबाई

आदरणीय मार्थाबाई पहिल्यांदा आमच्या दारात आल्या, तेव्हा मी त्यांना पाणीसुद्धा विचारले नाही. हे गौरवग्रंथात लिहू का, असे मी संपादकांना विचारले. ते म्हणाले, "बाईंनाच विचारा." मी नांदेडला फोन लावला. पलीकडून बाई खळखळून हसल्या. "लिवा की शांताबाई! त्या दिवशी मला लई तहान लागली व्हती, तेबी लिवा."

म्हणून लिहिते आहे. बाईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत, नांदेडला मोठी सभा आहे, आणि औशाजवळच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीतून जीप भरून माणसे निघणार आहेत. आठ दिवसांपासून माझे कशात लक्ष लागत नाही! मी शाळेत गेलेली नाही. उपासनेतली गाणी तोंडपाठ होती. गाण्यांचे पुस्तक समोर धरून, कोणता शब्द कुठे बसला आहे ते बोटाने शोधत मी वाचायला शिकले. मोठे शब्द मला येत नाहीत. जे घडले ते सांगते.

बाईंचे काम समजायचे तर आधी आमचे भांडण समजले पाहिजे.

मोठ्या दुष्काळाचे वर्ष होते. विहिरी कोरड्या पडल्या होत्या. माझे मालक याकोब आणि मी सरकारी कामावर खडी फोडत होतो, आणि रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल जवारी, मिलो, मिळत होती. आमच्या मंडळीत प्रभुभोजनाची भाकर घरोघरी आळीपाळीने करण्याची रीत आहे. गव्हाची पातळ पोळी करायची, धुतलेल्या फडक्यात गुंडाळायची आणि उपासनेआधी मेजावर नेऊन ठेवायची. त्या महिन्यात आमच्या घराची पाळी आली. घरात गव्हाचा दाणा नव्हता. मी मिलोची भाकर थापली आणि नेली.

माझे थोरले दीर एलियाभाऊजी मंडळीचे पंच होते. त्यांच्या पत्नी, म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई राहेलबाई, मेज लावत होत्या. त्यांनी फडके उचलले आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ही लाल भाकर? तिकडं डुकरं खात्यात ही. प्रभूच्या मेजावर ठिवतीस व्हय?"

मीही गप्प बसले नाही. "मग तुमच्या गाडग्यातलं गहू काढा की भाईर! दडवून ठिवलंय ते समद्यांला ठाव हाय."

त्यांनी हात मारला आणि भाकर खाली पडली.

त्यांच्या घरात गहू होता हे खरे. गाडगेभर होता. त्यांची मुलगी एस्तेर आजारी होती, तिला गव्हाच्या पातळ लापशीशिवाय काही पचत नव्हते. तो गहू तिच्यासाठी होता. हे गावात कुणाला माहीत नसेल, पण मला माहीत होते. माहीत असून मी बोलले.

मालकांनी भाकर उचलली आणि आम्ही घरी आलो. पुढच्या रविवारी आमच्या बाजूची चार घरे लिंबाखाली उपासनेला बसली. एका मंडळीच्या दोन झाल्या. पाळकसाहेब सायकलवर यायचे, सकाळी देवळात उपासना घ्यायचे आणि दुपारी लिंबाखाली. दोन महिन्यांनी एस्तेर गेली. मालक पायात वहाणा घालून दारात उभे राहिले. मी म्हटले, "तिकडून बोलावणं आल्याबिगर जायचं न्हाई." मयताला कुणी बोलावणे पाठवत नाही, हे लहान लेकराला कळते. मालकांनी वहाणा काढल्या. मधे एक भिंत, आणि दहा वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

मग लातूर जिल्हा वेगळा झाला. काय तो आनंद! औशाला कचेऱ्यांच्या पाट्यांवर रंगारी चढले होते. जुन्या जिल्ह्याचे नाव पुसून नवे लिहीत होते. त्याच वर्षी, दिवाळी झाल्यावर, मार्थाबाई भोकरकडून बदली होऊन आमच्या भागात सेविका म्हणून आल्या. पहिल्याच सभेत त्या म्हणाल्या, "सरकारनं एका जिल्ह्याचे दोन केले, त्यांचं काम झालं. आपल्याला दोनाचं एक करायचंय, आपलं काम अवघड हाय." लिंबाखालची माणसेसुद्धा हसली.

त्या आमच्याकडे आल्या त्या भर दुपारी, राहेलबाईंच्या घरातून निघून. मी ते पाहिले होते, म्हणून पाणी विचारले नाही. बाई आपणहून आत आल्या. ओसरीवर बसल्या, माझ्या पुढचे सूप ओढून घेतले आणि जवारी निवडू लागल्या. हीच त्यांची पद्धत. कुणाच्याही घरी गेल्या तरी आधी हाताला काम घ्यायच्या. नजर कामात असली की समोरच्याला खरे बोलायला अवघड जात नाही, हे त्यांना ठाऊक होते. माझ्याआधी आत खाटेवरून मालक बोलले. त्यांना त्या वर्षी दम्याने पुरते धरले होते. डॉक्टरांनी आशा सोडली होती. ते म्हणाले, "बाई, मला औषध नको. दादा एकदा येऊन बसला तर बस."

बाईंनी सूप खाली ठेवले. "जिम्मा माझा," म्हणाल्या.

तो जिम्मा पार पाडताना बाईंच्या हातून एक चूक झाली. ती मी मुद्दाम लिहिते आहे, कारण माझ्या मते बाईंचा सगळा मोठेपणा तिथूनच सुरू झाला. मालक दिवसेंदिवस खंगत होते आणि बाईंना घाई झाली. कापणीच्या सणाला त्यांनी मला सांगितले, "राहेलबाईंनी तुम्हाला बोलावलंय." आणि राहेलबाईंना सांगितले, "शांताबाई माफी मागायला येणार हाईत." देवळाच्या पायरीवर आम्ही समोरासमोर आलो.

"आलीस माफी मागाया?" जाऊबाई म्हणाल्या.

"मी? तुमी बोलावलं म्हून आले!"

"मी बोलावीन तुला? माजा उंबरा झिजून गेला तरी न्हाई!"

मग आम्ही दोघींनी एकदमच बाईंकडे पाहिले. बाईंचा चेहरा उतरला होता. जाऊबाई म्हणाल्या, "देवाचं काम करणाऱ्या बाई, अन् लबाड बोलता?" मी म्हटले, "तेच म्हंते मी!" आणि दोघी पाय आपटत आपापल्या घरी गेलो. दहा वर्षांत पहिल्यांदा आमचे एका गोष्टीवर एकमत झाले होते. आज हसू येते, पण त्या दिवशी मालकांनी भिंतीकडे तोंड केले आणि जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आल्या. ओसरीवर चढल्या नाहीत, अंगणात उभ्या राहिल्या. "शांताबाई, मी खोटं बोलले. तुमच्याशीबी आणि त्यांच्याशीबी. माफी मागायला आले."

मी वाट पाहत राहिले. आता त्या 'पण' म्हणतील, 'पण मी चांगल्यासाठी केलं' असे सांगतील, असे मला वाटले. त्यांनी 'पण' म्हटलेच नाही. इतके उघडे बोलणे मी तोवर कुणाच्या तोंडून ऐकले नव्हते. नंतर हळूच म्हणाल्या, "राहेलबाईंकडं अजून जायचं राहिलंय. पाय उचलत न्हाई. तुमी संगं येता का?"

ही पुन्हा एक युक्ती असेल, असे तुम्हाला वाटेल. मीही पुढे कितीतरी वर्षांनी त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, "कशाची युक्ती! मला त्यांच्या जिभेचं खरंच भ्या वाटत व्हतं."

आतून मालकांचा आवाज आला, "शांते, काय इचार करून राहिलीस? माझ्यानं उठवत असतं तर मी कवाच गेलो असतो."

मी पदर सारखा केला आणि निघाले. एका भिंतीचे अंतर, पण दहा वर्षे मी ते चालले नव्हते.

राहेलबाई चुलीपुढे होत्या. बाईंनी माझ्या दारात म्हटले होते तेच, तितकेच म्हटले. राहेलबाईंनी मान वर केली नाही. मग मला वाटले, या बाईंनी आपल्या एका दिवसाच्या चुकीची माफी मागितली. माझी दहा वर्षांची तशीच पडली आहे. मी म्हटले, "जाऊबाई, ते गहू एस्तेरसाठी व्हते. मला ठाव व्हतं. ठाव असून बोलले. अन् तिच्या मातीला आले न्हाई."

राहेलबाईंनी चुलीतले लाकूड मागे ओढले. मग त्या म्हणाल्या, "ती तुला इचारायची. काकू का येत न्हाई म्हून."

त्याहून जड काही मी आजवर ऐकलेले नाही. मी तशीच उभी राहिले. बाईही मधे पडल्या नाहीत. समजावले नाही, प्रार्थनाही सुरू केली नाही. शेवटी राहेलबाईंनीच पाट सरकवला. "बस. उभी का?" आणि स्वतःशी बोलल्यासारखे म्हणाल्या, "माज्या घरात गहू असून मंडळीत मिलो आली, याची मला लाज वाटली व्हती. ती लाज तुज्यावर काढली."

त्याच संध्याकाळी एलियाभाऊजी पाण्याचा तांब्या घेऊन आमच्या घरी आले. भावाच्या खाटेवर बसले. मग मालक म्हणाले, "दादा, लातूर जिल्हा झाला म्हणं."

"झाला की रं, कवाच."

दहा वर्षांनी दोन भाऊ बोलले ते एवढेच. मग भाऊजींनी तांब्या त्यांच्या ओठाला लावला. मी आणि जाऊबाई दारातून पाहत होतो. बाई ओसरीवर बसून माझी जवारी निवडत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी सुपात पडत होते.

पुढच्या रविवारी लिंबाखाली कुणी बसले नाही. भाकर राहेलबाईंनी केली. आता घरात गहू होता, तरी त्यांनी जवारीची केली आणि मला म्हणाल्या, "तू ने. मेजावर तूच ठिव." मालकांची खाट भावाने आणि तिघांनी उचलून देवळात आणली. पेरणीच्या आधी मालक गेले. त्यांची शवपेटी उचलली तेव्हा पुढचा खांदा एलियाभाऊजींचा होता. त्या दिवशी बाई आल्या आणि आठ दिवस राहिल्या. उपदेश केला नाही. चूल पेटवली, पाणी भरले. वर्ष झाले त्या दिवशी पुन्हा एसटीने आल्या, न सांगता.

मालकांचे दुःख आजही आहे. सकाळी चहा ठेवताना मी अजूनही दोन कप काढते आणि एक परत ठेवते. पण त्या दुःखात कडूपणा नाही. ते तहानलेले गेले नाहीत. हे मला बाईंनी दिले.

त्यानंतर बाईंनी एक नेम केला आणि तो अजून पाळतात. दोन माणसांच्या भांडणात त्या कुणाचा निरोप नेत नाहीत. "निरोप नेला तेव्हा फसले," त्या म्हणतात. "आता माणूसच संगं नेते." आणि दुसऱ्याचे काय चुकले हे त्या ऐकून घेत नाहीत, आपला वाटा काय तेवढाच सांगायला लावतात. देगलूरकडे एका मंडळीत देवळाची किल्ली कोणत्या घराकडे असावी यावरून दोन घराणी कोर्टात जायच्या बेतात होती. बाईंनी वर्षभर कुलूपच काढून ठेवायला लावले. चोरी झाली नाही. किल्लीचे भांडण मात्र गेले.

पण बाई सगळेच जोडत सुटतात असे कुणी समजू नये. भोकरला एका सुनेला नवरा मारायचा. पंचांनी बाईंना बोलावून सांगितले, "तिला क्षमा करायला लावा, घरी पाठवा." बाई म्हणाल्या, "क्षमा ती देईल तेव्हा देईल. मार खायला मी कुणाला पाठवणार न्हाई." त्यांनी त्या मुलीला आपल्या घरी ठेवले, शिवणकाम शिकवले. पंच दोन वर्षे रुसले. बाई त्यांच्याही घरी जाऊन जवारी निवडून आल्या, पण शब्द मागे घेतला नाही.

हा लेख मी काल राहेलबाईंना वाचून दाखवला. त्यांना आता दिसत नाही. मधेच म्हणाल्या, "डुकराचं म्हटलं तेबी लिवलंस व्हय गं?"

"लिवलं. माजं गव्हाचंबी लिवलंय."

"मग ऱ्हाऊ दे. पण जीपमधी चढताना माजा हात धर. अन् भाकरी मी सांगते तशा थाप, जाड करशील."

तेव्हा बाई, नांदेडला आम्ही दोघी जावा येत आहोत, आणि भाकरी आणत आहोत. पीठ राहेलबाईंचे, थापणार मी. देवाने तुम्हाला पुष्कळ वर्षे द्यावीत, गुडघ्यांत बळ द्यावे, कारण तुम्हाला अजून बरीच दारे चढायची आहेत. आमच्या दारातही या. भर दुपारी या, तहानलेल्या या. तांब्या भरून ओसरीवर ठेवला आहे. या वेळी तुम्ही सूप हातात घेण्याआधी मी पाणी विचारीन.