पोह्यांच्या डब्याचं झाकण

तीस वर्षं मी माझ्या नवऱ्याशी खोटं बोलले.

आज प्रमोदला जाऊन वर्ष झालं, तर सांगूनच टाकते.

प्रमोद ऑर्केस्ट्रात बासून वाजवायचा. ऑर्केस्ट्रा म्हटलं की लोक विचारायचे, "मग गणपतीत आमच्या मंडळात येणार का?" तो ऑर्केस्ट्रा नव्हे हो. हा साठ-सत्तर जणांचा, काळे कोट घातलेला, व्हायोलिनवाला.

आणि बासून म्हणजे माझ्या खांद्याला लागेल एवढं लाकडी नळकांडं. आवाज जाडा, जरा कुरकुरणारा, पोटातून आल्यासारखा.

फुंकायची रीड, म्हणजे तोंडाशी लावायची बोरूची चिमुकली पट्टी, तो स्वतः तासायचा. दुपारभर खिडकीपाशी, चष्मा नाकावर. मग ती वाटीत पाण्यात भिजत ठेवायचा.

एकदा मालवणहून आलेल्या त्याच्या आत्यांनी ते पाणी तीर्थ म्हणून पिऊन टाकलं. वर त्यालाच ओरडल्या, "रे मेल्या, तीर्थात बांबूचो तुकडो कित्याक टाकलंस?"

भांडुपच्या आमच्या दुपारी अशाच गेल्या.

माझा डोळा लागलेला असायचा. आतल्या खोलीत तो एकच सूर धरून ठेवायचा, अगदी खालचा. तो नीट लागला की मांडणीवरच्या पोह्यांच्या डब्याचं झाकण झिणझिणायचं.

मी अर्धवट झोपेत ओरडायचे, "प्रमोद, झाकण!"

"म्हणजे सूर बरोबर आहे," तो म्हणायचा.

पण कॉन्सर्टमध्ये मला त्याचं काहीच ऐकू यायचं नाही हो.

एवढ्या वाद्यांत कुठे हरवायचा कोण जाणे. मी आपली त्याला बघत बसायचे. पानंच्या पानं त्याला वाजवायचं नसायचं, तेव्हा गुडघ्यावर बोटांनी मात्रा मोजत असायचा. मोजताना ओठ हलायचे. मग भुवया वर चढायच्या. भुवया चढल्या की मी समजायचे, चालू झाला.

परतताना दरवेळी विचारायचा, "ऐकलंस ना?"

"ऐकलं रे. झकास."

एवढा खूश व्हायचा, की खरं सांगायची माझी हिंमतच झाली नाही.

शेवटच्या आजारपणात एकदा माझा हात धरून म्हणाला, "तुला नक्की ऐकू यायचं ना गं?"

"हो रे."

तेव्हाही खोटंच. ते मात्र वर्षभर छातीत रुतून बसलं होतं.

गेल्या रविवारी त्याची शिष्या रोहिणी मला हट्टाने कॉन्सर्टला घेऊन गेली. प्रमोदच्या खुर्चीवर आता ती असते. म्हणाली, "काकू, सरांनी तासलेली शेवटची रीड आहे माझ्याकडे. आज तीच लावणार."

त्या खुर्चीकडे बघवेना. मी डोळे मिटून घेतले.

किती वेळ गेला माहीत नाही. व्हायोलिनं हळूहळू निवली आणि त्यांच्या खालून तो आला. जाडा, कुरकुरणारा.

भर हॉलमध्ये मला आमचं झाकण ऐकू आलं.

"प्रमोद, झाकण," मी पुटपुटलेच. शेजारच्या बाईंनी वळून पाहिलं. पाहू देत.

मग डोक्यात प्रकाश पडला. तीस वर्षं मी मूर्खासारखी त्याला बघत राहिले, आणि ऐकायचं राहूनच गेलं.

प्रमोद, सकाळी वाटीत पाणी भरून खिडकीत ठेवलंय. माझी श्रद्धांजली म्हणजे एवढीच.

आणि हो.

ऐकलं रे. झकास.