गाडीअड्ड्यापलीकडच्या खोल्या

निपाणीच्या मोटारीतून उतरलेल्या एका पक्षकारानं बेळगावच्या कोर्टाच्या आवारात मला गाठलं. "वकीलसाहेब, तंबाखूवाले बाळाप्पा गेले." काय झालं, असं मी विचारलं. "काय न्हाय. जेवले, दोन गोष्टी सांगितल्या, आनि कलंडले." दुःखाच्याही आधी मला जरा हसूच आलं. दोन गोष्टी सांगितल्याशिवाय आप्पा निघणारच नाहीत... त्याला आता महिना होऊन गेला.

मी निपाणीत वकिली करत होतो तेव्हा म्युनिसिपालिटीत आमच्या खुर्च्या शेजारी होत्या. त्यांची वखार मोठी, आवाज तिच्याहून मोठा. अध्यक्ष डॉक्टर होते. दाटीवाटीच्या खोल्यांतून प्लेगानं नेलेली माणसं त्यांनी पाहिली होती, म्हणून त्यांनी नियम आणला: एका खोलीत पाचांच्या वर माणसं राहायची नाहीत आणि एका जागेवर ठरावीकच खोल्या बांधायच्या. नियम वाईट नव्हता. पण वखारींत राबणाऱ्या बायकांची कुटुंबं एकेका खोलीत आठ-आठ, दहा-दहा जणांनी राहत. नियम लागताच त्यांतली निम्मी माणसं रस्त्यावर आली असती.

आप्पा उभे राहिले. "डॉक्टर, तुमचं खरं हाय. पर सहावा मानूस जानार कुठं?"

"आपल्या गावी."

"गावात पोट भरत असतं, तर त्यो हितं आलताच कशाला?"

सभेत हशा पिकला, पण डॉक्टर हसले नाहीत. शांतपणे म्हणाले, "आप्पा, पुन्हा साथ आली की त्या खोल्यांत मलाच शिरावं लागतं." यावर आप्पा खाली बसले.

पुढच्या सभेत त्यांनी दुरुस्ती मांडली. नियम राहू दे, पण गाडीअड्ड्यापलीकडच्या पडीक जागेवर आधी स्वस्त भाड्याच्या खोल्या बांधा, आणि खोली मिळाल्याशिवाय कुणाला हलवू नका. घरमालक सभासदांनी तोंडं वाकडी केली. बैलांच्या शेजारी राहायला जाणार कोण, असं एकानं विचारलं. "मी राहतो की," आप्पा म्हणाले. शेवटी नमुन्याला चार खोल्या बांधायच्या आणि मग मत घ्यायचं, असं ठरलं.

आप्पांच्या घरी तायाक्कांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, हे ऐकून घेतलं. मी तिथंच सोप्यात चहा पीत होतो. "येते मी," त्या म्हणाल्या. "पर धूर डोळ्यात गेला तर मी माघारी येनार, आनि तुमी एकटं ऱ्हावा." दुसऱ्याच दिवशी आप्पांनी गवंड्याला गाठून प्रत्येक चुलीवर धुराडं काढायला लावलं.

दोघं खरोखरच तिथं राहायला गेले. आम्हांला वाटलं, चार दिवसांची हौस. पण उन्हाळा सरला, पावसाळा लागला, भिंतीला ओल आली, ती आप्पांनी नीट करून घेतली, आणि तरी ते हलेनात. संध्याकाळी वखारीतल्या बाया खोल्या बघायला येत आणि तायाक्कांशी बोलत कट्ट्यावर बसून राहत. एकदा डॉक्टरही आले. पिठलं-भाकरी जेवले, भिंतींवरून हात फिरवला. "हवा चांगली खेळते," म्हणाले.

"खेळनारच. खिडकी मोठी पायजे म्हनून तुमीच भांडलासा न्हवं?"

त्या दिवशी मात्र डॉक्टर हसले. मतदानाला आप्पांच्या दुरुस्तीला अनुमोदन त्यांनीच दिलं, आणि ती थोडक्या मतांनी का होईना, मंजूर झाली. नवी ओळ बांधून होईल तशी कुटुंबं तिकडं गेली. आप्पांच्या स्वतःच्या चाळीतलेही भाडेकरू गेले, तर या गृहस्थानं मधल्या खोल्या पाडून उरलेल्यांना अंगण करून दिलं. वर मलाच म्हणाले, "आता माज्या चाळीतबी हवा खेळतीया रं."

गेल्या आठवड्यात निपाणीला गेलो, तेव्हा त्या ओळीत डोकावलो. आप्पा आणि तायाक्का आपल्या घरी परतल्यापासून त्यांच्या खोलीत वखारीत काम करणाऱ्या कृष्णाबाई राहतात. त्यांनी चहा ठेवला. भिंतीत अगदी वर एक खिळा होता, रिकामा. आप्पा चांगले उंचेपुरे, त्यांनी तो आपल्या फेट्यासाठी मारलेला. कृष्णाबाईंचा हात काही तिथवर पोचत नव्हता.

"काढला न्हाय," त्या म्हणाल्या. "त्यांचा हाय त्यो. माजा मी खाली मारून घेतलाय."

मी टाचा उंचावल्या आणि माझी टोपी त्या वरच्या खिळ्याला अडकवली. चहा होईपर्यंत ती तिथंच राहू दिली...