आवाजाला प्रतिसाद

त्या आठवड्यात देवावरचा माझा विश्वास डळमळला होता, हे आधीच कबूल करते. आमचे हे भोकरदनला शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, आणि मी दरवर्षी जांब समर्थला प्रवचन ऐकायला जाणारी. चैतन्य चराचरात भरलंय असं मी म्हटलं, की हे चष्मा पुसत हसायचे. "मेंदू चालू हाय तवर चेतना. तो बंद पडला की मंग काहीच न्हाई बघ." या एका विषयावर आमचा तीस वर्षं सुखाचा वाद चालला.

मग मेंदूत रक्तस्राव झाला आणि हे जालन्याच्या दवाखान्यात पाच दिवस बेशुद्ध. तिथे शुद्धीला गुण देतात. डोळे उघडले तर इतके, आवाजाला प्रतिसाद दिला तर इतके. जन्मभर पोरांना काठावर पास करणारा माणूस स्वतः नापास होत होता. चराचरातलं चैतन्य मला नकोच होतं, माझ्याशी भांडणारं तेवढंच परत हवं होतं. देवाशी मी बोलणंच टाकलं.

सहाव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "नाव घेऊन जोरात हाक मारा. आजही प्रतिसाद आला नाही, तर आशा कमी आहे." ह्यांचं नाव मी काय ते उखाण्यात घेतलेलं. लाजत, चाचरत घेतलं. पापणीसुद्धा हलली नाही. डॉक्टर कागदावर काहीतरी लिहून पुढे गेले.

शेजारच्या खाटेवर अंबडच्या एका बाईचा नवरा होता. ती सगळं बघत होती. तिने माझा हात धरला. "भाभी, घर में ऐसे बुलाते क्या? रोज जैसे बुलाते, वैसे बुलाओ ना."

"अहो, ऐकलं का! चहा गार होऊन राह्यला!" मी ओरडलेच.

ह्यांची बोटं हलली. मग एक डोळा किलकिला झाला.

आता हे घरी काठी टेकत फिरतात. म्हणतात, ओळखीचा आवाज मेंदूनं बराबर पकडला, त्यात देव कुठून आला? असेल तसंही. मी वाद घालत नाही. चेतना मेंदूत असो की चराचरात, ती जागी करणं माझ्या हातात नव्हतं, एवढं मला कळलं आणि मी ते देवावर सोडलं.

त्या बाईच्या नवऱ्याच्या बेशुद्धीचा तेव्हा अकरावा दिवस होता. ती त्याला रोज घरच्यासारखीच हाक मारत होती, आणि त्याने अजून डोळा उघडला नव्हता. तरी ती उठून माझ्याकडे आली. दिवा लावताना मी आधी तिच्या नवऱ्यासाठी हात जोडते, मग आमच्यासाठी.