आकडा बरोबर होता

मूर्ख रंगवायला माझ्याइतका लायक माणूस चंद्रपूर-गडचिरोलीत दुसरा नाही, असं मी नाही, माझी बायको सांगते. आमच्या झाडीपट्टीच्या नाटकात माझा एक हमखास प्रवेश होता. दहा मूर्ख नदी उतरतात, पलीकडे मी सगळ्यांना मोजतो, स्वतःला विसरतो, नऊच भरतात, आणि बुडालेल्या दहाव्यासाठी आम्ही छाती बडवून रडतो. कोरपन्याला लोक हसून हसून खाली लोळले होते.

जंगलालगतच्या एका गावात मात्र कोणी हसलं नाही. मी दुप्पट रडलो, तरी नाही. पडद्यामागे आलो तर चाळिशीची एक बाई उभी.

"भाऊ, तुमच्या खेळात आकडा चुकते अन् माणसं पुरी रायतात. आमच्यात आकडा बराबर आला."

तिथल्या बायका मोहफुलं वेचायला जाताना एकीला मोजणारी नेमतात. वाघाच्या भीतीने जाताना मोजायचं, परतताना मोजायचं. गेल्या साली मोजणारी हीच होती. अकरा गेल्या, अकरा भरल्या. पण परतताना शेजारच्या गावची एक बाई टोपली घेऊन यांच्यात मिसळली होती. डोकी मोजली, तोंडं पाहिली नाहीत. घरी आल्यावर एक सासू विचारत आली, माझी सून कुठी हाय? लोक धावले, तोवर वाघाने काही ठेवलं नव्हतं.

"आता मले कोणी संगं नेत नाई. उद्याच्या खेळात आकडा बराबर दाखवा, अन् माणूस कमी. कोणाच्याबी हातून होते, हे त्यांले दिसू द्या."

"बाई, मी हसवणारा माणूस."

"मंग आज कोण हसलं?"

दुसऱ्या दिवशी पेटीवाल्याला मूर्खांच्या रांगेत घुसवला. मी मोजले, स्वतःला धरून बरोबर दहा. नाचत घरी निघालो. एक जण नदीतच राहिला. पुढे बसलेल्या एका म्हातारीने पदर तोंडात धरला. तीच ती सासू, असं मागाहून कळलं. कोणी उठून गेलं नाही. समजलं यांना, म्हणून मी स्वतःवर खूश झालो.

सकाळी आमचा ट्रक निघाला तेव्हा बायका वेशीवर जमल्या होत्या. आता आकडा नव्हता. म्हातारी एकेकीचं नाव घेत होती, ती ती "हाव" म्हणत होती. समोरच्या दारात ती मोजणारी बाई टोपली घेऊन तयार होती.

नावं संपली. बायका जंगलाकडे वळल्या. ती दारातच होती.