अरुंधती दिसत नाही म्हणून

खोटं कशाला सांगू, त्या आठवड्यात मी देवाशी अबोला धरला होता. तिन्हीसांजेचा दिवासुद्धा लावला नव्हता. माझ्या यजमानांचं पोटाचं ऑपरेशन सोमवारी ठरलं होतं आणि हे जायला तयार नव्हते. कारण काय, तर खारघरच्या आमच्या गच्चीवरून यांना अरुंधती दिसली नाही. सप्तर्षींत वसिष्ठाला चिकटून असलेली ती बारीक चांदणी ज्याला दिसत नाही त्याचे सहाच महिने उरले, असं लहानपणी गावच्या गुरवाने यांच्या डोक्यात भरवलेलं. सगळी हयात बँकेत गेली, पण दुखणं आलं तसं ते वर आलं. चिरफाड करून घ्यायची कशाला, म्हणायचे.

मी कितीतरी वर्षं शनिवारी संध्याकाळी गच्चीवर दुर्बीण लावते आणि येईल त्याला आकाश दाखवते. यांना परोपरीने सांगितलं, की या झगमगाटात ती कुणालाच दिसत नाही, गुरवाचं खरं असतं तर अख्खं खारघर एव्हाना रिकामं झालं असतं. दुर्बिणीतून दाखवते म्हटलं, तर म्हणाले, नुसत्या डोळ्यांना दिसायला हवी. भिंगातली काय कामाची?

त्या शनिवारी शेजारीण म्हणाली, घरात आजारपण आहे, आज राहू दे. मी हट्टाने दुर्बीण वर नेली. यांनाही नेऊन खुर्चीत बसवलं. नेहमीचा गुरू ग्रह सोडून भिंग सरळ अरुंधतीवर रोखलं आणि मनात देवाला म्हटलं, चांदणी तुझी, आता निस्तर तूच.

रांगेत नऊवारीतल्या एक आजी होत्या. जासईहून पाहुण्या आल्या होत्या म्हणे. त्यांनी डोळा लावला तो काढीचनात. मागचे चुळबुळू लागले. मग पदराने डोळे पुसत त्या म्हणाल्या, "धा वरसां झाली, मना ही दिसली नाय. आमचेकडं कंटेनरच्या यार्डाच्या लायटी आल्या न् ही गेली. सगली बोलली, आता म्हातारी जाते. कुठं जाते? मी हाय."

हे खुर्चीतून उठले. दहा वर्षं, एवढंच त्यांनी विचारलं. आजींनी यांच्याकडे निरखून पाहिलं.

"तुमाला पन नाय दिसत? या, बगा. ती हाय तिथंच हाय."

हे रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. पाळी आल्यावर भिंगाला डोळा लावून पाहिलं. जिना उतरताना म्हणाले, "सोमवारची फाईल काढून ठेव." मी घरात शिरले, आधी दिवा लावला आणि देवघरापुढे पोटभर रडले.

आजी कुणाकडे उतरल्या होत्या, ते बिल्डिंगमध्ये कुणालाच सांगता आलं नाही. मी त्याचा कीस काढत बसले नाही. ज्याच्याशी अबोला धरला त्याने माझं ऐकलं, एवढं मला पुरे आहे. त्याच्यापुढे मी मान तुकवते आणि त्याने बोलावलं की जाईनच. पण तोवर कुणी चांदणीच्या नावाने माझ्या दारात मुदत सांगायला येऊ नये.

ते सहा महिने केव्हाच उलटले. आता शनिवारची रांग हेच सांभाळतात. कुणी डोळे बारीक करून पाहतं आणि कुजबुजतं, की अरुंधती काही दिसत नाही. तेव्हा हे त्याच्या खांद्यावर हात ठेवतात.

"मलाही नाही दिसत. मी आहे."