ॲग्नेसमावशी क्षमा करत नसे

मावशी सकाळी गेली आणि दुपार व्हायच्या आत वसईहून फोन आला. मी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभी होते. आत तिच्याच जुन्या वॉर्डातल्या दोघी नर्स तिला शेवटचं पुसून घेत होत्या आणि सिस्टर ॲग्नेसला चादरीवर सुरकुती चालायची नाही, असं एकमेकींना रडत रडत बजावत होत्या. नंबर अनोळखी होता. आवाज मी लहानपणी एकदाच ऐकला होता, आणि तेव्हा तो ओरडत होता. आता मात्र तो अगदी मऊ झाला होता. "मी फेलिक्स, ॲग्नेसचा भाऊ. बॉडी कधी पाठवतेस?"

कशी गेली, त्रास झाला का, शेवटी कुणाचं नाव घेतलं... यातलं काहीच त्यांनी विचारलं नाही. मी म्हटलं, "पाठवणार नाही," आणि फोन ठेवला. त्या दिवशी मी आधी हे केलं, आणि मग रडले.

त्यानंतरच्या आठवड्यांत मावशीबद्दल पुष्कळ चांगलं बोललं गेलं. चर्चच्या हॉलमध्ये, मराठी मंडळाच्या ग्रुपवर, हॉस्पिटलच्या नोटीस बोर्डावर. मायाळू, सोशिक, क्षमाशील. मायाळू ती होतीच. सोशिक नव्हती. आणि क्षमाशील तर अजिबातच नव्हती. मेलेल्या माणसाला गोड करून टाकण्याची आपल्याला फार घाई असते, म्हणून हे लिहायला बसले. मावशी जशी होती तशी ती कुणाच्या तरी लक्षात राहायला हवी.

मावशी म्हणत असले, तरी ती माझी सावत्र आई. हा शब्द माझा म्हणून मी इथे एकदाच लिहिते, वाचणाऱ्याला नातं कळावं म्हणून. माझी आई मी लहान असताना देवरुखला वारली. बाबा बहारीनमध्ये एका हॉटेलच्या अकाउंट्स खात्यात होते आणि मी आत्याकडे वाढत होते. मी नऊ वर्षांची झाले तेव्हा बाबांनी ॲग्नेसशी लग्न केलं. ती वसईची, कॅथलिक, चाळिशी ओलांडलेली, इथे बहारीनमध्येच बरीच वर्षं नर्स. लग्न मुंबईत रजिस्टर झालं. मग बाबा मला घेऊन आले. मुहर्रकच्या विमानतळावर ती ड्युटीवरून थेट आली होती, पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये. तिने मला मिठीबिठी मारली नाही. वाकून माझी पापणी अंगठ्याने खाली ओढली, आत बघितलं आणि बाबांवर उखडली, "विनायक, हिच्या अंगात रक्त नाही! पोरीला कुणी खायला घातलंय की नाही?" बाबा माझी बॅग उचलू लागले. मी मात्र त्याच क्षणी तिची झाले. माझ्यासाठी कुणी चिडल्याचं मी तोवर पाहिलंच नव्हतं.

आम्ही मुहर्रकमध्येच एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर राहायचो. विमानं इतकी खालून जायची की बोलणं मध्येच थांबवावं लागे. शुक्रवारी चर्चहून येताना ती साफी नावाचा इथला मासा आणी आणि वसईहून बाटलीत भरून आणलेल्या मसाल्यात करी. बाबांचा गणपती आणि तिची मेरी एकाच फळीवर होती. देवांवरून घरात कधी वाद झाला नाही, सगळी भांडणं एसीवरून व्हायची. मी शाळेतून येऊन इंग्लिशमध्ये बोलायला लागले की ती ऐकू येत नसल्यासारखी भांडी घासत बसायची. म्हणून माझं मराठी टिकलं. आज हे लिहिता येतंय ते तिच्या त्या हट्टामुळे.

तिचा राग बघण्यासारखा असे. एका उन्हाळ्यात इथल्या सित्रा बेटावरच्या कारखान्यातला एक कामगार चक्कर येऊन इमर्जन्सीत आला. सोबतचा सुपरवायझर त्याला सलाईन संपताच बसमध्ये घालून परत न्यायला निघाला. मावशी त्या दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. "खलास! आज हा कुठेही जाणार नाही." तो म्हणाला, तुझी तक्रार करीन. तिने आपल्या छातीवरची नावाची पट्टी काढून त्याच्या हातात ठेवली. "स्पेलिंग चुकवू नकोस." तक्रार झाली की नाही, माहीत नाही. तो कामगार रात्रभर वॉर्डातच राहिला, एवढं खरं.

आणि तिचा सूड... तोही मी पाहिलाय. मंडळाच्या हळदीकुंकवाला एक बाई माझ्यादेखत म्हणाल्या, "सावत्र आहे, पण बरी सांभाळते हो." मावशीने हातातलं वाण खाली ठेवलं, मला उठवलं आणि घरी आणलं. त्या बाईंशी ती पुन्हा कधी बोलली नाही. काही वर्षांनी त्याच बाई तिच्या वॉर्डात ॲडमिट झाल्या. त्यांची शीर कुणालाच सापडत नव्हती. मावशीला पहिल्याच टोचण्यात सापडली. ताप वेळेवर घेतला, पाठ पुसून दिली, उशी नीट केली. शब्द मात्र एकही नाही. डिस्चार्जच्या दिवशी त्या बाई तिचा हात धरून रडल्या. मावशीने हात सोडवून घेतला आणि पुढच्या पेशंटकडे गेली. मी घरी विचारलं, "थोडं तरी बोलायचंस ना?" ती म्हणाली, "औषध सगळ्यांना द्यायचं. माफी ज्याची त्यानेच मिळवायची."

आता फेलिक्सविषयी.

मी बारा वर्षांची असताना मावशीची आई वारली. आम्ही तिघं मिळेल त्या विमानाने मुंबईला आणि तिथून टॅक्सीने वसईला गेलो. केळीच्या वाडीतून वाट, पुढे घर. ते घर मावशीच्याच नोकरीवर उभं राहिलेलं. फाटकात फेलिक्स उभे होते. मागे हॉलमध्ये आजी फुलांत ठेवलेली, बाया प्रार्थना म्हणत होत्या. मावशी फाटक ढकलायला गेली तर त्यांनी ते आतून धरून ठेवलं. "चर्च सोडून लग्न केलंस तेव्हा आई आठवली नाही. आत यायचं नाही." मावशी म्हणाली, "फेलिक्स, एकदा तोंड बघू दे." "नाही." मग माझ्याकडे बोट करून ते ओरडले, "आणि ही कुणाची पोर घेऊन फिरतेस?" बाबा पुढे झाले, पण मावशीने त्यांना हाताने थांबवलं. आम्ही उन्हात रस्त्यावर उभे राहिलो. अंत्ययात्रा निघाली तेव्हा सगळ्यांच्या मागून चालत गेलो. कबरीपाशी मावशीने मूठभर माती उचलली, तर फेलिक्सने तिचं मनगट धरलं. "तुझ्या हातची नको." तिने मूठ उघडली. माती तिच्याच चपलांवर पडली. गावातलं एकही माणूस बोललं नाही. त्यातले काही आता मला सांत्वनाचे मेसेज पाठवतात.

परतीच्या विमानात तिने डोळ्यांतून टिपूस काढला नाही. नंतर ती वसईला कधीच गेली नाही, आणि त्या घरातल्या कुणाचं नावही आमच्याकडे निघालं नाही. बाबा गेले तेव्हा तिकडून साधा फोन आला नाही.

मावशीला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. नर्सच ती, रिपोर्ट माझ्याआधी तिनेच वाचला. मी विमानतळावर कार्गोच्या ऑफिसात काम करते. इथून घरी परत जाणाऱ्या शवपेट्यांचे कागद माझ्या टेबलावरून जातात. कोल्लम, सियालकोट, मनिला, हैदराबाद... माणूस कुठलाही असो, त्याची पेटी वेळेत विमानात चढावी म्हणून मी कितीदा भांडले आहे. मावशीला हे ठाऊक होतं. शेवटच्या आठवड्यात ती म्हणाली, "सगळ्यांना घरी पाठवतेस ना? मला पाठवू नकोस हं."

"नाही पाठवणार."

"फेलिक्स येईल बघ. रडेल. तो फार छान रडतो." मग भिंतीकडे वळली. "आईचं तोंड बघू दिलं नाही त्याने मला."

एवढंच म्हणाली. काय कर, हे सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

ती गेली त्या दिवशी फेलिक्सचे फोन येतच राहिले. आधी दरडावणी. "तू कोण ठरवणारी? आमचं रक्त आहे ते." मी म्हटलं, कागदावर मुलगी म्हणून माझं नाव आहे. मग विनवणी. गावात फॅमिलीची कबर बांधलीय, आईच्या शेजारी जागा ठेवलीय, लोक विचारतात... लोक विचारतात, हे खरं दुखणं होतं. शेवटी म्हणाले, "बरं, तिथेच पुर. पण मला दोन दिवस दे. व्हिसा आला की निघतो. एकदा तोंड बघू दे."

फाटकापाशी मावशीने उच्चारलेले शब्द आता त्यांच्या तोंडात होते. मी सावकाश ऐकले. दोन दिवस थांबणं अवघड नव्हतं, शवागारात जागा होती. फादरही म्हणाले, थांबू या, भाऊ आहे, क्षमा कर. मी म्हटलं, फादर, उद्या सकाळी. सगळ्या परवानग्या मी स्वतः धावून त्याच संध्याकाळी मिळवल्या. हे कसं करायचं, माझ्याइतकं इथे कोणाला ठाऊक असणार! दुसऱ्या दिवशी शहराबाहेरच्या ख्रिस्ती दफनभूमीत मावशीला पुरलं. खालच्या मजल्यावरच्या आमच्या घरमालकीण उम्म खालिद काळ्या अबायात उन्हात शेवटपर्यंत उभ्या होत्या. माती मी दिली, त्यांनी दिली, वॉर्डातल्या नर्सेसनी दिली.

फेलिक्स त्यानंतर आले. मी त्यांना आणायला विमानतळावर गेले, कारण त्यांचा चेहरा मला बघायचा होता. म्हातारे झालेले, पायांनी अधू, हातात सुकेळ्यांची पिशवी. वसईची वाळवलेली केळी... मावशीचा जीव होता त्यांच्यावर. "मी फेलिक्समामा," ते म्हणाले. मी म्हटलं, "ओळखलं." गाडीत ते रडले. मावशी म्हणाली होती तसेच, छान रडले. दया येईल म्हणून मी वाट पाहिली. आली नाही.

दफनभूमीच्या फाटकाशी गाडी थांबवली. ताज्या कबरींवर इथे आधी फक्त नंबर असतो. माती बसली की मग नावाची फरशी लागते. मावशीचा नंबर त्यांनी मला विचारायला हवा होता. पण आपल्या बहिणीची जागा आपण या मुलीला विचारायची, हे त्यांना जमेना. दार उघडता उघडता म्हणाले, "तू बस. मला सापडेल. रक्ताची बहीण आहे माझी."

"शोधा," मी म्हटलं.

मी एसीत बसून राहिले. बाहेर ऊन कातडी सोलत होतं. म्हातारा माणूस रुमाल डोक्यावर धरून मातीच्या ढिगांतून फिरत होता. मावशीची फुलं आदल्या दिवशीच्या वाऱ्याने उडून गेली होती. तिची कबर डावीकडे, भिंतीलगत. ते उजवीकडे वळले. तिथे एका ताज्या कबरीवर मोठं पुष्पचक्र होतं. त्यापुढे ते गुडघ्यांवर बसले, कपाळ मातीला लावलं, हुंदके देऊन रडले, मूठभर माती घालून मोबाईलवर फोटो काढला. मी काच खाली करून एक हाक मारली असती तरी पुरे होतं. मी काच खाली केली नाही. ज्या कुणा अनोळखी माणसाची ती कबर होती, त्याच्यासाठी कुणीतरी रडलं. त्याचं मला बरंच वाटलं.

विमानतळावर सोडताना त्यांनी सुकेळी माझ्या हातात ठेवली. मी पिशवी त्यांच्या बॅगेवर परत ठेवली. "जिच्यासाठी आणली होतीत, ती नाही." 

गेल्या आठवड्यात वसईहून कुणीतरी एक फोटो पाठवला. त्या घराच्या हॉलमध्ये, जिथे मावशीला पाऊल ठेवू दिलं नाही, तिथे त्या कबरीचा फोटो मोठा करून फ्रेममध्ये लावलाय. खाली 'आमची लाडकी ॲग्नेस', पुढे मेणबत्ती. चर्चमध्ये तिच्या नावाने मिस्साची प्रार्थना झाली, गाव जेवलं, फेलिक्सने बहिणीसाठी किती धावपळ केली याचं कौतुक झालं. तो फोटो बघून मी हा लेख लिहायला घेतला. हा लेख छापून येईल ते पान वसईत वाचतात.

फेलिक्स, ती कबर मावशीची नाही.

चुकून झालं, असं मी म्हणणार नाही. वाईट वाटतंय, असंही नाही. मावशी असती तर आधी रागावली असती आणि मग तोंड फिरवून हसली असती, असं मला वाटतं.

मी दर शुक्रवारी तिच्याकडे जाते. वाळूच्या वाऱ्याने नंबरावर धुळीचा थर बसतो, आणि धूळ तिला खपत नसे. बाटलीतलं पाणी ओतून ओल्या फडक्याने पाटी पुसते. कोपरे आधी, मग मधला भाग, ती वॉर्डातली टेबलं पुसायची तसंच. डोक्यावरून विमान गेलं की बोलणं थांबवते, गेलं की पुढे बोलते. कधीकधी माझ्याही नकळत मी तिच्याच आवाजात स्वतःला दटावते, "नीट पूस गं, काय हा हलगर्जीपणा!" मग थोडा वेळ मी एकटी नसते.

खरी जागा बघायची असेल, तर पुन्हा या. व्हिसाचं मी बघेन, गाडी आणेन, चहासुद्धा देईन. या वेळी मात्र फाटकाशी मला विचारावं लागेल, आणि कसं विचारायचं तेही सांगते. 'माझी बहीण कुठे आहे' असं नाही. 'तुझी आई कुठे आहे' असं विचारा. मग मी गाडीतून उतरेन.